अनवाणी धावायचंय? आधी चपलांचा कप्पा उघडा

अनवाणी धावायला लागलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. कठडा धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरलो. दोष अर्थातच जमिनीला दिला. रस्ता फार कडक आहे, उद्यापासून गवतावर धावू. गवतावरही तेच झालं. धावण्याच्या त्या पंधरा मिनिटांत माझी फारशी चूक नव्हती, चूक होती दिवसभर पायात असणाऱ्या जाड टाचेच्या चामडी बुटांची, हे कळायला बरेच दिवस गेले.

हिशेब साधा आहे. नवखा माणूस आठवड्यातून ३ दिवस २० मिनिटं धावला, तर धावणं होतं १ तास. रोज १० तास पायात काही ना काही असलं, तर आठवड्याचे होतात ७० तास. त्या एका तासात पाय कसा पडेल, हे बाकीच्या सत्तर तासांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून या लेखात धावणं उशिरा येतं आणि चपला-बूट आधी.

पहिली पायरी: सगळ्या जोड्या बाहेर काढा

खरोखरच काढा आणि ओळीने मांडा. वर्षातून दोनदा पायात जाणारी जोडी सोडून द्या. सर्वांत जास्त तास पायात असतात त्या दोन-तीन जोड्या महत्त्वाच्या. त्यात बहुधा एक कामावरचा बूट, एक बाहेर जायची चप्पल किंवा सँडल आणि एक घरातली स्लिपर निघते. प्रत्येक जोडीत पाच गोष्टी बघायच्या.

आधी टाच. टाचेखालचा थर आणि चवड्याखालचा थर यांत किती फरक आहे? बाहेरून बघून फसायला होतं, म्हणून आत हात घालून अंदाज घ्या. नेहमीच्या रनिंग शूजमध्येसुद्धा हा फरक साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो, आणि आपण त्याला बिनधास्त ‘सपाट’ म्हणतो. टाच दिवसभर उचललेली राहिली की पोटरीचा स्नायू दिवसभर आखडलेला राहतो, आणि हळूहळू शरीर तीच त्याची लांबी धरून बसतं. उंच टाचांच्या चपला वर्षानुवर्षं वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सपाट चपला वापरणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांचे स्नायूतंतू सुमारे १३ टक्के आखूड निघाले आणि टाचेमागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जास्त ताठ. आता अशी पोटरी घेऊन अनवाणी धावा. दर पावलाला टाच पार जमिनीपर्यंत खाली येते, म्हणजे दर पावलाला आखूड पोटरी वजनाखाली ताणली जाते. जिना उतरताना माझी जी गत झाली तिचं कारण हे.

दुसरी गोष्ट पुढचा आकार. कोऱ्या कागदावर अनवाणी उभे राहा, पेन्सिलीने पायाची रेघ काढा आणि त्यावर बूट ठेवा. अंगठा किंवा करंगळी बुटाच्या बाहेर डोकावत असेल, तर ती जोडी रोज तुमची बोटं आत दाबते आहे. निमुळता बूट अंगठ्याला मधल्या बोटांकडे ढकलतो, आणि धावताना ज्या अंगठ्याने सर्वांत मोठा भार पेलायचा तोच वाकडा उभा राहतो. (मोज्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. घट्ट मोजा मऊ असला तरी दहा तासांत तेच काम करतो.)

तिसरी गोष्ट लवचीकपणा. बूट दोन्ही हातांनी चवड्याच्या जागी वाकवा, मग फडकं पिळतात तसा पिळा. अजिबात वाकत नसेल तर आतला पायही वाकत नसणार. पायात २६ हाडं आणि ३० हून अधिक सांधे असतात. कडक सोलमध्ये ते सगळे मिळून एका फळीचं काम करतात.

चौथी, सहसा न दिसणारी: बूट टेबलावर ठेवून बाजूने बघा. पुढचं टोक होडीसारखं वर उचललेलं दिसतं का? त्या वळणामुळे चालणं सोपं वाटतं, कारण बोटांना फार काही करावंच लागत नाही. अशा वळणामुळे चालताना पायाच्या लहान स्नायूंचं काम कमी होतं, असं २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दिसलं. फुकटात मिळालेली मदत नंतर वसूल होते ती अशी.

पाचवी: चप्पल पायाला धरून राहते का, की पायाला तिला धरून ठेवावं लागतं? मागे पट्टा नसलेली सैल स्लिपर घालून आरशासमोर चार पावलं चाला आणि बोटांकडे बघा. ती आकडीसारखी वळलेली दिसतील. चप्पल निसटू नये म्हणून बोटं दर पावलाला तिला पकडत असतात, पाऊलही थोडं आखूड पडतं आणि पाय फरफटतो. ‘स्लिपर म्हणजे जवळजवळ अनवाणीच’ हा गैरसमज इथेच टाकून द्या. धावण्याच्या दृष्टीने मला ती काही बुटांपेक्षा वाईट वाटते.

दुसरी पायरी: पायाची परीक्षा घ्या

पाच मिनिटांचं काम आहे. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल थोडं थोडं मागे घेत जा. अंगठा आणि भिंत यांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर असताना गुडघा टेकत असेल, तर घोटा चांगला वाकतोय. ४-५ सेंटिमीटरवरच टाच उचलली जात असेल तर धावायची घाई नको.

मग एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करा. सावकाश, पूर्ण उंचीपर्यंत, सलग २० वेळा. नंतर बसून फक्त अंगठा उचलून बघा, बाकीची बोटं जमिनीवरच. पहिल्यांदा हे जमत नाही. अंगठा हलायचं नाव घेत नाही आणि माणूस त्याच्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तसा बघत बसतो. काही दिवस रोज प्रयत्न केला की अंगठा ऐकायला लागतो. शेवटी डोळे उघडे ठेवून एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळा.

कुठे अडखळलात ते लिहून ठेवा आणि जोड्यांशी जुळवून बघा. टाच उचलली जाते त्यांच्या कप्प्यात बहुतेक वेळा टाचेचा बूट असतो, अंगठा हलत नाही त्यांच्याकडे निमुळता किंवा कडक.

तिसरी पायरी: धावण्याआधी रोजचं पादत्राण बदला

अनवाणी धावण्याची पहिली बातमी कानावर आली की लोक दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर असतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तुम्ही थोडं थांबा. लिव्हरपूलच्या संशोधकांनी काही लोकांना सहा महिने रोजच्या वापरासाठी पातळ, लवचीक सोलची पादत्राणं दिली. धावायला सांगितलं नाही, नेहमीचे व्यवहारच करायचे होते. सहा महिन्यांनी त्यांच्या पायांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढलेली होती. हा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्याआधी २०१९ मध्ये ८ आठवड्यांचा आणखी एक अभ्यास आला होता. अशा पादत्राणांत नुसतं चालण्याने पायाचे स्नायू मुद्दाम केलेल्या व्यायामाइतकेच बळकट झाले, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे कामावर जाता-येताचं चालणं हीच तयारी होऊ शकते.

बदलाचा क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे घरात काहीही घालू नका. स्लिपर दाराबाहेरच राहू द्या. नंतर जवळची कामं पातळ, रुंद, वाकणाऱ्या चपलेत करा. मागे पट्टा हवाच. कामावरचा बूट सर्वांत शेवटी, कारण त्यात तुम्ही सर्वांत जास्त तास असता. एकदम टाचेवरून शून्यावर उतरू नका. तीन सेंटिमीटरची टाच असेल तर मधे काही आठवडे दीड सेंटिमीटरची वापरा. पोटऱ्या सकाळी जड वाटल्या तर एक दिवसाआड जुनी जोडी घाला, त्यात काही कमीपणा नाही.

‘बेअरफूट शूज’ म्हणून विकली जाणारी पादत्राणं घ्यायलाच हवीत का? माझं मत: नाही. बोटांना जागा, टाच-चवडा एका पातळीत, सोल वाकणारा आणि पायाला धरून राहणारा पट्टा किंवा लेस, एवढं ज्यात आहे ते चालेल. डब्यावर काय छापलंय याला महत्त्व नाही. जुन्या बुटातली जाड इनसोल काढून टाकली तरी कधी कधी निम्मं काम होतं, बोटांना वरूनही जागा मिळते.

यासोबत रोज दोन व्यायाम पुरेत: पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची आणि वर आणायची, आणि उकिडवं बसायचं, टाचा जमिनीला टेकवून. टेकत नसतील तर टाचांखाली पुस्तक ठेवा आणि आठवड्या-आठवड्याने पातळ पुस्तक घ्या.

चौथी पायरी: अनवाणी चाला, मग थोडंसं धावा

महिनाभर जोड्यांचं जमलं की जमीन. सुरुवात गवतावर करावीशी वाटते, पण मी तसं सांगणार नाही. गवतात काच, खडा, खळगा काहीच दिसत नाही, आणि मऊ जमीन वाईट पाऊलही खपवून घेते. स्वच्छ, गुळगुळीत, कडक पृष्ठभाग बरा. तिथे टाच आपटली की लगेच कळतं. दुपारी तापलेला डांबरी रस्ता मात्र टाळा.

पहिले दोन आठवडे नुसतं चालणं, १० ते १५ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात चालणं झाल्यावर २०० मीटर धावा आणि घरी या. एक दिवसाआड, दर वेळी फार तर १०० मीटर वाढवा. दोन महिन्यांत सलग एक किलोमीटर अनवाणी धावता आलं तर उत्तम चाललंय. लांब पल्ल्याचं धावणं तोवर नेहमीच्या रनिंग शूजमध्येच सुरू ठेवा.

आता एक गोष्ट, जी मी ठेच लागून शिकलो: त्या दिवशी काय घातलं होतं, याचा त्याच संध्याकाळच्या धावण्यावर परिणाम होतो. दिवसभर बंद बुटात घामाने ओलसर झालेली कातडी मऊ पडते, आणि मऊ कातडीला फोड लवकर येतात. बूट काढल्या काढल्या धावू नका. अर्धा तास पाय उघडे ठेवा, कोरडे होऊ द्या, बोटं हाताने फाकवा, घोटे फिरवा, घरात थोडं चाला. टाचेच्या चपलेत दिवस गेला असेल तर त्या संध्याकाळी फक्त चाला. धावून आल्यावरही दमलेला पाय पुन्हा घट्ट बुटात कोंबू नका.

तळव्याची कातडी जाड होईल का? होईल, चामड्यासारखी चिवट आणि गुळगुळीत. म्हणून संवेदना जाते असं नाही. २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात केनियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासले, तेव्हा जाड घट्ट्यांमुळे स्पर्शज्ञान कमी झालेलं आढळलं नाही. बुटांच्या जाड गाद्या मात्र पायाला जमिनीची खबर पोहोचूच देत नाहीत.

पाचवी पायरी: तुमची जोडी तुमची चूक सांगते

हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या चमूने २०१० मध्ये दाखवून दिलं की सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, आणि टाचेवर उतरणाऱ्या बूटधाऱ्यांना बसतो तसा आघाताचा झटका त्यांना बसत नाही. यातलं ‘सवयीने’ हे वाचायचं राहून जातं. बूट काढले म्हणून सवय निघत नाही, ती जुन्या पादत्राणाचा आकार घेऊनच अनवाणी पायात उतरते.

टाचेचा बूट वापरणारे नवखे हमखास बॅलेसारखे धावतात. ‘चवड्यावर उतरायचं’ हे ऐकलेलं असतं, आणि आखडलेल्या पोटरीला तेच सोयीचं पडतं, म्हणून टाच हवेतच राहते. मग सगळा भार पोटरी आणि टेंडनवर. चवडा आधी टेकला तरी लगेच टाचेनेही जमिनीला अलगद स्पर्श करायलाच हवा. टाच खाली येत नसेल तर धावणं थांबवून पायरीवरच्या व्यायामाकडे परत जा.

जाड गादीचे बूट वापरणाऱ्यांची खूण म्हणजे आवाज. पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, कारण गादी ते निभावून नेत आलेली असते. अनवाणी धावताना फटफट ऐकू आलं की पावलं आखूड करा आणि जलद टाका, पाऊल कमरेच्या जवळ खाली पडू द्या. मिनिटाला १७० ते १८० पावलं हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. अंदाज म्हणून ठीक आहे, पण मोजत बसण्यापेक्षा आवाज कमी करत न्या. पावलांची गती आपोआप सुधारते.

स्लिपरवाल्यांची बोटं जमिनीला पकडायला जातात. पुरावा बोटांच्या टोकांवर येणारा फोड. धावताना बोटं किंचित वर आणि सैल ठेवा आणि पाऊल मागे ढकलण्याऐवजी सरळ वर उचला. चवड्याखाली फोड येत असेल तर पाय टेकल्यावर घासतोय किंवा पिळला जातोय. कातडी दर वेळी खरं सांगते, त्यामुळे घरी आल्यावर तळवे धुताना नीट बघत चला.

निमुळत्या बुटांची चूक डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून ती जास्त धोक्याची. अंगठा आपलं काम करत नसला की भार शेजारच्या बोटामागच्या हाडावर जातो. तिथे दुखू लागलं तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

कुठे थांबायचं

पोटरीचं ठणकणं दोन-तीन दिवसांत ओसरतं, ते चालतं. पायाच्या वरच्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, दाबल्यावर जास्त कळ येत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर जाण्याची ती सुरुवात असू शकते. २०१३ साली अनुभवी धावपटूंना १० आठवड्यांत पातळ सोलच्या शूजकडे वळवून त्यांचे एमआरआय काढले, तेव्हा १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हे लोक नवखे नव्हते, त्यांना घाई नडली. सकाळी उठल्यावरच्या पहिल्या पावलाला टाचेखाली टोचणं किंवा टाचेमागे दुखणं हेसुद्धा माघार घ्यायचे इशारे आहेत.

मधुमेहामुळे किंवा आणखी कशाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी धावू नका. लागलेलं कळणारच नाही. इतरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं आहे ना, ते बघून ठेवावं.

कुणी इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला यांचं नाव घेईल. १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये त्यांनी २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत अनवाणी मॅरेथॉन जिंकली, ते खरंच. पण त्यांचे पाय त्यासाठी आधीच तयार होते. आणि १९६४ मध्ये टोकियोत त्यांनी बूट घालून २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळवलं.

ज्यांना फॉर्मल बूट घालावेच लागतात

ते बूट कामाच्या जागीच ठेवा आणि जाता-येता सपाट जोडी वापरा. टेबलाखाली बूट काढून बसता येत असेल तर बसा, एखादा टेनिस बॉल पायाखाली फिरवा. सेफ्टी शूज सक्तीचे असतील तर ते काढायचे नाहीत, पण रुंद पुढ्याचे मिळतात ते मागा, आणि सुट्टीच्या दिवशी पाय पूर्ण मोकळे ठेवा.

नवे महागडे बूट मात्र सध्या घेऊ नका. सहा-आठ महिन्यांत माझी बोटं इतकी पसरली की जुन्या मापाचा बूट करंगळीला चावायला लागला, अर्धा नंबर वर जावं लागलं. पसरणं थांबलं की मग घ्या, आणि दुकानात संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो, तेच खरं माप. तो पेन्सिलीच्या रेघेचा कागद घडी करून सोबत न्या. दुकानदार हसला तरी बूट त्यावर ठेवूनच बघा.